कुंताबाईंची शुद्ध वडी

सावली गावच्या कुंताबाई वैनगंगेकाठच्या, मासोळी धरणाऱ्या घरातल्या. दर महिन्याला एसटीने ऊर्जानगरला येऊन आमच्या वसाहतीत बचतगटाच्या कोहळ्याच्या वड्या विकायच्या. पाकिटावर हिरवा ठिपका. छापखानेवाल्याने विचारलं होतं, "मटण टाकता का?" या म्हणाल्या, "नाई." झाला ठिपका.

वड्यांचे पहिले भक्त आमचे सेक्रेटरी. कांद्यालाही न शिवणारा माणूस. शेजारी मटण शिजलं की खिडक्या लावून घेणार आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर अहिंसेचा सुविचार लिहिणार. पण कुंताबाईंची वडी ते डोळे मिटून खात. "सात्त्विक चव आहे हो!"

यंदा महाप्रसादाच्या भाजीत याच वड्या घालायचं ठरलं. शुद्धतेचं प्रमाणपत्र चौकटीत लावायची सेक्रेटरींना भारी हौस. त्यांनी स्वतःच एक पाकीट नागपूरला डीएनए तपासणीसाठी पाठवलं.

अहवाल आला. उडीद, कोहळा आणि झिंगा.

कुंताबाईंना भर बैठकीत उभं केलं. वड्या बंद झाल्या असत्या, तर गटातल्या अकरा बायका घरी बसल्या असत्या.

"झिंगे काऊन टाकले?" सेक्रेटरी ओरडले.

"मूठभरच, भाऊ. भाजून, कुटून. त्याबिगर वडीले चव कुठून येईन?"

"अहो, मांस आहे ते!"

"झिंग्याले ना रक्त, ना हाड. आमच्या घरी झिंग्याचा डबा मिठाच्या बाजूले राह्यते. मले मसालाच वाटला."

चूक होतीच. ठिपका बघून खाणाऱ्याला आपण काय खातो ते कळायलाच हवं. पण सात वर्षं मिटक्या मारणाऱ्यानेच तोंड धुऊन आरडाओरडा करावा, याचा मला संताप आला.

कुंताबाईंनी पाकिटं बदलली. मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, खाली ठळक अक्षरांत 'झिंगे आहेत'. बिनझिंग्याची वडी वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या पाट्यावर केली, तिला हिरवा ठिपका. सेक्रेटरींनी ती महिनाभर खाल्ली आणि पुढच्या फेरीला कुंताबाईंना पाण्याच्या टाकीमागे गाठलं. मी नळावरच होतो.

"कुंताबाई, जुनीच द्या. फक्त पाकीट नको. साध्या पिशवीत बांधा."

"नाई भाऊ. एकडाव चुकली, आता नाई चुकत. न्यायची तं नावासकट न्या."

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं. मग दोन पाकिटं घेतली आणि त्रिकोण पोटाकडे करून घरी गेले.