घोडीला गूळ बंद

दोन ऑक्टोबर, दसरा. घरात पुरण शिजत होतं आणि मी मागच्या शेडमध्ये घोडीचा पुढचा डावा पाय गुडघ्यांत धरून कानस मारत होते. खुराचं टोक थोडं मागं आणायचं आणि टाच उतरवायची, म्हणजे खूर जमिनीवर सपाट पडतो. हे काम अधूनमधून करावंच लागतं. सण आला म्हणून खूर वाढायचा थांबत नाही. डावा झाला आणि उजवा घेणार तेवढ्यात आतून हाक आली, गल्लीतल्या बायका ताटं घेऊन आल्या म्हणून. उजवा राहिला तो राहिलाच.

मला घोड्यांचं वेड नाही, हे आधीच सांगते. कोल्हापुरात कळंबा तळ्याजवळ, घराच्या बाजूलाच माझी पिठाची गिरणी आहे आणि मला तिचाच व्याप पुरतो. घोडी सासऱ्यांची. त्यांनी उभा जन्म घोडागाडीच्या शर्यतीत घालवला. गुडघे गेले तेव्हा लगाम माझ्या दिराच्या हातात दिला. घोडीही पळायची. गुलाल घेऊन घरी यायची आणि सगळी गल्ली तिच्या तोंडात काही ना काही घालायची.

मग ती लंगडायला लागली. आधी नुसती डांबरी रस्त्यावर पाय आखडून टाकायची. पुढं पुढं उभीसुद्धा राहीना. पुढचे दोन्ही पाय लांब करून सगळं वजन मागं घ्यायची, तापलेल्या तव्यावर उभं केल्यासारखी. नालबंदानं नाल बदलले, मग काढले, मग पुन्हा ठोकले. तेल लावून झालं. नजर लागली म्हणून गळ्यात बिब्बा आणि काळा दोरा बांधून झाला. शेवटी दिरानं डाग द्यायला माणूस आणला. चुलीत सळई लाल झाली होती. मी ती चिमट्यानं उचलली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली.

"वहिनी, डागल्याबिगर घोडं सुधारत न्हाई," दीर म्हणाला.

"गेल्या वर्षी तुमची कंबर धरली होती, तेव्हा तुम्हाला कुठं डागलं?"

डाग देणारा माणूस हसला. दीर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी खूर चिमट्यात दाबून बघितले, खुरावरच्या आडव्या वळ्या बोटानं दाखवल्या आणि विचारलं, "खायला काय घालता?"

आमच्याकडं या प्रश्नाचं उत्तर छाती फुगवून देतात. हरभऱ्याची चंदी, उसाचं वाडं, भुशात काकवी आणि येता-जाता गूळ. सासरे म्हणाले, "घरच्या माणसागत खाती."

"म्हणूनच पाय गेले," बाई म्हणाल्या. गोडानं खुराच्या आत सूज येते, आतलं हाड खाली झुकतं आणि घोडं काचेवर चालल्यासारखं चालतं, असं त्यांनी समजावलं. पूर्ण बरी होईल अशी आशा धरू नका, पण गोड तोडलं आणि खूर नीट राखले तर चालती राहील. चंदी बंद, वाडं बंद, काकवी बंद, गूळ तर कायमचा बंद. फक्त वाळलं गवत, तेही पाण्यात भिजवून, निथळून. नाल काढून टाका आणि खाली वाळू पसरा. खूर कसा घासायचा ते त्यांनी मला दोनतीन खेपा येऊन शिकवलं, कारण नालबंद तोवर रुसला होता.

गिरणीत ही बातमी पिठासारखी उडाली. "कोल्हापुरात ऱ्हाऊन गुळाला नावं ठेवायची म्हंजे कमाल हाय की," एक बाई दळण टाकता टाकता म्हणाली. दुसरी म्हणाली, घोडीला उपाशी मारायचं असेल तर सरळ सांगावं. मी फाटकावर पाटी लावली, घोडीला काहीही घालू नये. पाटी वाचूनही लोक खिशातून खडा काढायचे. पाटी माणसांसाठी असते, देवाच्या जनावराला काय, असं एकानं मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, "ज्याला गूळ घालायची हौस आहे त्यानं घोडी आपल्या दारात बांधावी आणि तिचे पायही धरावेत." त्यानंतर लोक मला गूळबंद वहिनी म्हणायला लागले. म्हणोत.

पावसाळ्याच्या सुरुवातीला घोडी वाळूवर मोकळी चालायला लागली. शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची, वळायची, परत यायची. मी कौतुक केलं नाही, पण गिरणी बंद करून दोनदा बघून आले. आणि ऐन श्रावणात एका सकाळी ती पुन्हा तशीच, पाय लांब करून मागं रेललेली. खुराला हात लावला तर गरम.

गवत मी स्वतः भिजवत होते. म्हणजे गोड बाहेरून येत होतं. मी गव्हाण बघितली. गव्हाणीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती, ती भिंतीवरून थेट शेडला लागून टाकलेल्या सासऱ्यांच्या बाजल्याकडं जात होती. उशी उचलली. खाली फडक्यात गुळाचा खडा.

"आबा, हे काय?"

सासऱ्यांनी उशी पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाले, "दुपारी तू गिरणीत असतीस. ती मान पुढं करती. मी काय न्हाई म्हणू तिला?"

"म्हणायचं."

"तुला जमतंय. मला न्हाई जमत."

मी फडकं उचललं आणि बाजलं दुसऱ्या बाजूला, पुढच्या पडवीत नेऊन टाकलं. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला कामं होती.

त्या आजारपणानंतर दिरानं विषय काढला. पळत नाही ते घोडं किती दिवस बांधून ठेवायचं? त्याला नवं शिंगरू घ्यायचं होतं आणि शेडमध्ये जागा एकच. त्याचंही चूक म्हणता येणार नाही, त्याचा जीव शर्यतीत आहे. व्यापारी टेम्पो घेऊन यायला तयार होता. लंगडी घोडी व्यापारी कुठं नेतो हे घरात कुणी तोंडानं बोललं नाही. वीटभट्टीवर ओझं ओढायला, नाहीतर त्याहून वाईट जागी. माझे मालक माझ्या आणि भावाच्या मध्ये पडायला तयार नव्हते. शेवटी सासरे म्हणाले, "दसऱ्याला मारुतीच्या देवळापतूर नीट चालली तर ऱ्हाईल. न्हाई तर जाईल."

तर दसरा. पूजा झाली. घोडीला हळद-कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि मीच दावं धरून निघाले. जाताना डांबरी रस्त्यावर ती चांगली चालली. देवळापाशी वळताना मात्र एकदा अडखळली आणि डोकं खाली गेलं.

"बघा, मान टाकतीया," दीर म्हणाला. त्यानं तिथंच फोन काढला आणि व्यापाऱ्याला सकाळी यायला सांगितलं.  सासरे देवळाच्या पायरीवर बसून राहिले.

घरी आलो तर बायका थांबलेल्या. आमच्या गल्लीत दसऱ्याची पहिली पुरणपोळी घोडीची, वर तुपाची धार सोडून. आणि एकाच घरची नाही, प्रत्येक घरची एक.

मी फाटकात उभी राहिले. "घोडीला पोळी मिळणार नाही."

"अगं बाई, एका पोळीनं काय हुतंय?"

"एका पोळीनं काही होत नाही. एक तुमची, एक तुमच्या जावेची, एक समोरच्यांची. मोजलं तर टोपली भरेल."

दीर मागून म्हणाला, "उद्या जायचीच हाय ती. जाताना तरी गोड खाऊन जाऊ द्या, वहिनी."

मला राग आला तो या बोलण्याचा. जनावराला ज्यानं आजारी पाडलं तेच निरोपाला द्यायचं आणि वर त्याला माया म्हणायचं.

"ती कुठंही जात नाही," मी म्हटलं. आत जाऊन पितळी ताट घेतलं, त्यात निथळलेलं गवत ठेवलं, वर फूल ठेवलं आणि घोडीपुढं धरलं. तिनं फूल आधी खाल्लं, मग गवत. बायका आपापली ताटं झाकून गेल्या. एकीनं जाताना थुंकल्यासारखं केलं. मी फाटकाला कडी घातली.

जेवायला बसल्यावर सासऱ्यांनी ताट सरकवलं. "तिला पोळी न्हाई तर मला बी नको."

"नका खाऊ. तुमचीही साखर वाढलेलीच आहे."

माझे मालक खाली मान घालून हसायला लागले. सासऱ्यांनी खरंच भात-आमटी खाल्ली आणि उठले.

सकाळी मी टेम्पो यायच्या आधीच घोडीला घेऊन तळ्याच्या कडेच्या मऊ मातीवर फिरवून आणलं. परत आले तेव्हा टेम्पो फाटकात उभा होता आणि व्यापारी दिराशी बोलत होता.

"घोडी विकायची नाही," मी म्हटलं. "चहा घेऊन जावा."

"अवो ताई, तुमच्या दिरांनी बोलावलंय की."

"मग दिरांना घेऊन जावा."

व्यापाऱ्यानं पडवीकडं बघितलं, कारण घोडी कुणाची हे त्याला माहीत होतं. सासरे बाजल्यावरून उठले नाहीत. म्हणाले, "पावणं, काल दसऱ्याला सूनबाईनं माझी बी पोळी बंद केली. तिथं तुमच्या टेम्पोचं काय घेऊन बसलाय? चहा घ्या आन् जावा."

दिरानं मोटारसायकलला किक मारली आणि गेला. संध्याकाळपर्यंत येईल, भांडेल, मग जेवेल. शिंगरासाठी शेडला एक बाजू वाढवता येते, ते मी त्याला तेव्हा सांगणार होते.

टेम्पो रिकामा गेला. मी घोडीला बांधलं, चारही खुरांना हात लावून बघितला. गार होते. मग कानस घेतली, राहिलेला उजवा पाय गुडघ्यांत धरला आणि टाच उतरवायला लागले. गिरणीसमोर दळणाचे डबे घेऊन दोघी उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, थांबा जरा.