बंद टेशनावर आलेलं मूळ

लग्न होऊन मी ज्या घरात आले ते गावात नव्हतं. गाव ओढ्यापलीकडे, आणि आमचं घर इकडे, भाजीच्या वाडीत, टेशनाला अगदी चिकटून. मूर्तिजापूरहून कारंज्याकडे जाणारी छोटी गाडी आमच्या वांग्यांच्या वाफ्यांपलीकडून जायची. चुलीपुढे बसून मी नुसत्या पायांच्या आवाजावरून कोण उतरलं ते सांगते, अशी फुशारकी मी तेव्हा मारत असे. उतरणारे बहुतेक अनवाणी असायचे, त्यामुळे मला काहीही ऐकू येत नसे, पण सासूबाईंनी कधी माझी फुशारकी उघडी पाडली नाही.

टेशन म्हणजे फार काही नव्हतं. पत्र्याच्या छपराची एक खोली, तिला तिकिटाची खिडकी, बाहेर एक लाकडी बाक आणि गावाचं नाव लिहिलेली पाटी. मागच्या बाजूला मास्तरांचं बिऱ्हाड. कापसाच्या दिवसांत फलाटावर पाय ठेवायला जागा नसे, चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेकरूंनी डबे भरून यायचे आणि गाडी निघून गेली तरी त्या बायकांचं गाणं थोडा वेळ मागे राहायचं. एरवी वर्षभर टेशनावर आम्हीच. माझा नवरा सकाळच्या गाडीनं भाजीच्या टोपल्या कारंज्याच्या बाजारात न्यायचा आणि दिवस कलताना परतीच्या गाडीनं रिकाम्या टोपल्या घेऊन घरी. मास्तरीणबाई दक्षिणेकडच्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला त्यांची भाषा. तरी आम्ही दोघी रोज दुपारी बाकावर बसून तासन्‌तास बोलायचो. काय बोलायचो ते आता आठवत नाही. तेव्हाही फारसं कळत नव्हतं.

या गाडीला आमच्याकडचे लोक गाडी म्हणत, पण वागवत बैलगाडीसारखी. कोणी रुळाकडून धावत येताना दिसला की ड्रायव्हर थांबायचा. एकदा एका बाईची शेळी रुळावरून हटेना, तर ती हटेपर्यंत गाडी उभी, आणि डब्यातले लोक खाली उतरून शेळीला समजावत होते. माझा नवरा अधूनमधून इंजिनात ताज्या मिरच्यांचा पुडा द्यायचा. त्यामुळे गाडी आमची आहे असं आम्हाला वाटे, आणि ते वाटणं इतकं मुरलेलं होतं की पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

सडक झाली आणि कारंज्याची मोटर धावायला लागली. कापूस ट्रकनं जाऊ लागला. मोटर गावाच्या वेशीत थांबायची, मग ओढा ओलांडून टेशनापर्यंत यायला कोणाला हौस होती? पाहता पाहता फलाटावर आमच्या टोपल्या आणि आम्हीच उरलो. मग एका पावसाळ्यानंतर मास्तरांना बदलीचा हुकूम आला. दोन माणसं आली, त्यांनी घंटा काढली, कंदील घेतले, तिकिटाचं कपाट गाडीत चढवलं. मास्तरीणबाई जाताना मला मिठी मारून रडल्या आणि बरंच काही बोलल्या. त्यातला एक शब्दही मला कळला नाही आणि मी सगळ्याला हो म्हटलं. त्या गेल्या आणि त्या दिवसापासून मला दिवसभर बोलायला सासूबाईंशिवाय कोणी उरलं नाही. सासूबाई बोलायच्या कमी.

गाडी यायची बंद झाली नाही, फक्त थांबायची बंद झाली. सकाळी शिट्टी, दुपारी शिट्टी, दिवस कलताना शिट्टी. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून बघायची. खिडक्यांतून माणसं जायची, त्यातलं कोणी इकडे बघायचं, कोणी नाही. गाडी मुळी आलीच नसती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटे. नवरा आता भाजी बैलगाडीनं नेई आणि दमून परत येई.

दिवाळी जवळ आली तशी मला माहेरची ओढ लागली. माझं माहेर रिठदच्या अलीकडचं एक लहानसं खेडं. आई मी लहान असतानाच गेली. भाऊ नाही. मला वाढवलं ते बाबांनी एकट्यानं, भाकरीसुद्धा त्यांनीच शिकवली, म्हणून माझ्या भाकरी आजही जाड होतात. आमच्याकडे रीत अशी की लेकीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस यायला पाहिजे. त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं, त्यानं उंबऱ्यावर पाय धुतले, गूळपाणी घेतलं, की मग लेक त्याच्याबरोबर निघते. मूळ आलं नाही तर लेक जात नाही. नवऱ्यानं नेऊन सोडली तर लोक म्हणतात, माहेरी हिला कोणी विचारत नाही वाटतं. आदल्या दिवाळीला बाबा आजारी होते, त्यामुळे मूळ आलं नव्हतं आणि मी गेले नव्हते. माझं मूळ म्हणजे बाबाच, दुसरं कोणी यायला नव्हतंच.

त्या वर्षी बैल विकायला आलेल्या एका माणसाबरोबर बाबांचा निरोप आला, की वसुबारसेला दुपारच्या गाडीनं मुळाला येतो. मी आनंदानं वाफ्यांतून पळत सुटले. मग ध्यानात आलं की टेशन बंद झाल्याचं बाबांना माहीतच नाही. ते वाशिमहून अकोला, अकोल्याहून मूर्तिजापूर आणि तिथून छोटी गाडी, असा वळसा घालून येणार. नवरा म्हणाला, त्यांना कारंज्याचं तिकीट देतील, मी तिथे गाडीबैल घेऊन थांबतो. पण सासूबाईंना ते पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही पटेना. आजवर शेळीसाठी थांबलेली गाडी म्हाताऱ्या माणसासाठी थांबणार नाही, हे आमच्या कोणाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. नवऱ्यानं कारंज्याला त्या ओळखीच्या ड्रायव्हरला गाठलं आणि सांगितलं. ड्रायव्हरनं मान हलवली. झालं, आमचं काम झालं. मी अनारसे तळले आणि लुगडी बांधून ठेवली.

वसुबारसेला दुपारी मी आणि सासूबाई फलाटावर जाऊन उभ्या राहिलो. फलाटावर गवत वाढलं होतं. सासूबाईंनी तिकिटाच्या खिडकीजवळची सावली धरली आणि कपाळावर हात आडवा धरून त्या उभ्या राहिल्या. मी फलाटाच्या पुढच्या टोकाला गेले, इंजिन तिथे थांबायचं म्हणून.

शिट्टी झाली, गाडी दिसली. ती हळू होईल म्हणून मी इंजिनाकडे बघून हात हलवला. इंजिनात दुसराच कोणी ड्रायव्हर होता. त्यानं माझ्याकडे बघून शिट्टी दिली, बाजूला हो म्हणून, आणि गाडी तशीच पुढे. पहिला डबा माझ्यापुढून गेला तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आलेला दिसला. हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. चेहरा दिसला नाही, पण तो हात बाबांचा होता, त्याबद्दल मला कधीच शंका आली नाही. मी पळाले. फलाट संपला तरी खडीवरून पळाले. बाबा, बाबा म्हणून ओरडले, पण इंजिनापुढे माझा आवाज किती. शेवटचा डबा गेला आणि मी रुळात उभी राहून हमसून रडले. लग्नातही मी अशी रडले नव्हते.

सासूबाई जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या. मी परत आल्यावर म्हणाल्या, गाडी कारंज्याला थांबेल, तिथून ते चालत येतील, रडू नको. नवऱ्यानं लगेच बैल जुंपले आणि तो कारंज्याच्या सडकेला लागला.

मी ओढ्याच्या काठावर जाऊन सडकेकडे तोंड करून बसले. ऊन उतरायला लागलं. मागून शिट्टी आली, कारंज्याहून परतणारी गाडी होती ती. मी वळून पाहिलं नाही. बाबा सडकेनं येणार होते, मग गाडीकडे कशाला बघायचं. मी सडकेवरच्या प्रत्येक ठिपक्याचा माणूस होण्याची वाट बघत राहिले.

दिवे लावायच्या सुमारास नवरा आला. बैलगाडीत कोणी नव्हतं. कारंज्याच्या टेशनावरच्या चहावाल्यानं सांगितलं होतं, की एक म्हातारा उतरला, थोडा वेळ बाकावर बसला आणि परतीच्या गाडीत चढला. म्हणजे बाबा माझ्या पाठीमागून गेले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

त्या रात्री कोणी जेवलं नाही. सकाळी सासूबाईंनी माझं गाठोडं स्वतः उंबऱ्याबाहेर आणून ठेवलं. मी म्हटलं, मूळ तर आलंच नाही, मी कशी जाऊ. त्यांना स्वतःला मूळ येऊन किती वर्षं झाली होती, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मूळ आलं होतं. म्या डोयानं पाह्यलं. गाडी थांबली नाई, त्याले तो काय करीन? तू जाय. लोकायले मी सांगतो."

नवऱ्यानं मला कारंज्याला गाडीत बसवलं आणि मूर्तिजापूरपर्यंत सोबत केली. आमचं टेशन येणार म्हणून मी खिडकीशी सरकून बसले. पाटी आली, खिडकी आली, बाक आला आणि वांग्यांचे वाफे लागले. एवढंच. माझ्या एवढ्या ओळखीची जागा, पण मलाही तिथे काही नीट बघता आलं नाही. पुढचा प्रवास मी एकटीनं केला, आयुष्यात पहिल्यांदा. मूर्तिजापूर, अकोला, वाशिम. वाशिमहून दुसऱ्या दिवशी गावच्या एका बैलगाडीत जागा मिळाली.

बाबा ओट्यावर बसून दोरखंड वळत होते. मला बघून आधी ओळखलंच नाही. डोळ्यांत पडदा आल्यासारखा दिसत होता. मग माझी हाक ऐकली आणि चटकन उठले. एकटी कशी आलीस, काहून आलीस, भांडण तर नाही झालं, असं सगळं एका दमात. मी म्हटलं काही झालं नाही, दिवाळीला आले. पाणी पिऊन झाल्यावर शेजारची म्हातारी डोकावली आणि म्हणाली, अगं, कालच तर तुझा बाप तुला भेटून आला म्हणत होता.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा खुलला होता. जेवताना त्यांनी ते सगळं मला पुन्हा सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच. गाडी थांबत नाही हे पाहून त्यांच्या जिवाचं पाणी झालं होतं. मग खिडकीतून त्यांना मी दिसले.

"तिकिटाच्या खिडकीजौळ उभी होती तू, कपाळाले हात लावून," ते म्हणाले. "हालली नाई, धावली नाई, रडली नाई. कशी शांत उभी होती. म्या म्हटलं, पोरगी रमली आपली. आता कायले तिले ओढून आनाचं? म्हनून कारंज्याले उतरलो अन् तथूनच पलटलो."

आई गेल्यापासून या माणसाला माझ्याविषयी इतका निर्धास्त मी कधी पाहिला नव्हता. माझ्या लग्नात तो मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, मुळाला यायचा तेव्हा आधी माझे हात उलटेसुलटे करून बघायचा. आता तो भाकरी कुस्करत होता आणि मनापासून खात होता.

मग एकदम थांबला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं बघून म्हणाला, "तूच होती नं, बाई?"

"मीच होती, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

त्यानंतर बाबा मुळाला आले नाहीत. लेक रमली आहे, असं ते वाटेतल्या ओळखीच्यांना सांगत, आणि निरोपही तसाच धाडत. जायचं असेल तेव्हा मी आपली आपण जात असे, आणि सासूबाई गावाला सांगत की मूळ आलं होतं. आमच्या टेशनाचे पत्रे पुढे कोणीतरी काढून नेले, बाकही गेला. पण पुढच्या दिवाळीला, वसुबारसेच्या दुपारी, गाडीच्या वेळेला मी फलाटाच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी होते. गाडी थांबणार नाही आणि तिच्यात बाबा नाहीत, हे मला माहीत होतं. शेवटचा डबा जाईपर्यंत मी प्रत्येक खिडकी बघितली.