मरियामातेच्या पायाशी ठेवलेला रेडिओ

रेडिओवाटपाच्या सभेतला अर्धाअधिक वेळ फोटो काढण्यात गेला. एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या हौशी इंजिनीयर मंडळींनी आमच्या पाचूबंदरच्या आणि आसपासच्या गावांतल्या मच्छीमारांसाठी ही छोटी यंत्रं तयार केली होती. साबणाच्या वडीएवढा नारिंगी प्लास्टिकचा डबा, वर बोटभर काळी अँटेना, आत चार्ज होणारी चपटी बॅटरी. तो मोबाइलला जोडायचा आणि निरोप लिहायचा. एका बोटीचा निरोप जवळची दुसरी बोट उचलते, ती तिसरीला देते, असं करत तो किनाऱ्यापर्यंत पोचतो. मोबाइलचा टॉवर नको, रिचार्ज नको. कल्पना चांगली होती, हे मी आजही नाकारत नाही. समुद्रात थोडं आत गेलं की आमचे फोन नुसते घड्याळ बघायच्या कामाचे उरतात, आणि लहान बोटींवर मोठा वायरलेस कधी नव्हताच.

त्या मंडळींचे प्रमुख साहेब माइकवरून पुन्हापुन्हा सांगत होते, "हे महागडं यंत्र आहे, नीट काळजी घ्या." माझा मोठा भाऊ पहिल्याच रांगेत बसला होता. दादा बोटीचा तांडेल, म्हणजे समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. पण शिकलेल्या माणसाने काही सांगितलं की तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवायचा. मी जन्मभर शाळेत शिक्षिका होते, मला ही मान हलवण्याची सवय कधी आवडली नाही.

महिन्याभरातच डबे कुरकुरायला लागले. साहेबांनी ते तपासले होते म्हणे, पण कुठे, तर स्वतःच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. गच्चीवर कुठे खारं पाणी उडतं? चार्जिंगची भोकं गंजली. एका बोटीवर डबा इंजिनाजवळच्या उकाड्यात राहिला, तर आतली बॅटरी पुरीसारखी फुगली आणि झाकण वर आलं. बोटवाल्याने घाबरून तो मासळीच्या बर्फात खुपसला. सगळा धक्का हसला. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "बर्फात कोण ठेवतं?" फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, ती चार्जिंगला लावू नका, माणसांपासून लांब ठेवा, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तोवर हे डबे घराघरांत उशाशी चार्ज होत होते.

दादाचा डबा मात्र नव्यासारखा होता. आमच्याकडे बोटीच्या केबिनमध्ये मरियामातेचं लहानसं लाकडी आल्तार असतं, देव्हाऱ्यासारखं. बोटीवर जे जपायचं ते तिच्या पायाशी जातं. लायसन, जाळं ओढताना काढून ठेवलेली अंगठी, कुणाच्या आईने दिलेली माळ. तिथे पाणी पोचत नाही आणि हात लावायची कुणाची छाती होत नाही. दादाने डबा तिथेच ठेवला. अडचण एकच आली, अँटेना मूर्तीच्या तोंडासमोर उभी राहायची. मरियामातेच्या चेहऱ्यासमोर काळी काठी कोण उभी करेल? दादाने ती फिरवून काढली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळली आणि बाजूला ठेवली. निरोप पाठवायचा झाला की लावायची. डबा चालूच असायचा. रोज सकाळी तो कोरड्या कापडाने पुसायचा.

नंतर जे कळलं ते असं. डबा गप्प बसत नाही. आपण काही लिहिलं नाही तरी तो थोड्या थोड्या वेळाने आपला ठावठिकाणा हवेत पाठवत असतो. अँटेना नसेल तर ती शक्ती बाहेर न जाता उलटी आत फिरते, आणि पाठवणारा भाग हळूहळू जळून जातो. बाहेरून काही कळत नाही. डब्यावरचा छोटासा पडदा उजळलेला असतो, जवळच्या बोटींचे निरोपही अधूनमधून येत राहतात. म्हणजे कान शाबूत आणि जीभ गेलेली. दादाला वाटायचं, आपलं यंत्र सगळ्यांत चांगलं चाललंय.

एके सकाळी जाळं ओढताना दादाच्या उजव्या हातातून दोर सुटला. त्याने तो पुन्हा धरायचा प्रयत्न केला, आणि मग तो तसाच बाजूला कलंडला. तोंड वाकडं झालं होतं. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या खलाशाने आधी अँटेना लावली, मग निरोप लिहिला. तो गेला नाही. पुन्हा लिहिला. दुसऱ्या गावची मोठ्या इंजिनाची बोट नजरेच्या टप्प्यात होती आणि तिच्यावरही असाच डबा होता. ती आली असती तर दादा कितीतरी आधी किनाऱ्याला लागला असता. आमच्या बोटीवरच्यांनी शर्ट काढून हलवले, पण त्या बोटीवरही जाळं चढत होतं, कुणी वर बघितलं नाही. ती बोट किनाऱ्याच्या उलट दिशेला होती, म्हणून खलाशाने जाळं कापून टाकलं आणि आमच्या म्हाताऱ्या इंजिनावर बोट हाकत आणली. धक्क्याला लागेपर्यंत दुपार झाली.

"लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. खलाशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मला सांगत होता, "बाय, मी लिवला गो. दोनदा लिवला. कोनाला गेलाच नाय." दादाचा उजवा हात तेव्हापासून वर होत नाही. शब्दही थोडेच राहिलेत, आणि तेही ओढून काढावे लागतात.

साहेबांनी डबा नेऊन उघडला आणि जिथे रेडिओ वाटले होते त्याच सभागृहात निकाल सांगितला. यंत्रात दोष नाही. अँटेना काढून चालू ठेवलं गेलं. हाताळणीतला निष्काळजीपणा. दादा माझ्या शेजारी खुर्चीत बसून ऐकत होता. माझं डोकं फिरलं.

मी उठून विचारलं, "अँटेना काढली तर यंत्र जळतं, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलंत?"

"मॅडम, हे बेसिक आहे. कुणालाही माहीत असतं."

"कुणालाही म्हणजे कुणाला? आणि इतकं जर माहीत होतं, तर हाताने सहज निघेल अशी बसवलीत कशाला?"

"सगळीकडे तशीच असते," ते म्हणाले आणि घड्याळ बघितलं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल बोलायला आमच्या लोकांची जीभ रेटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात गेल्या तेव्हा नवे डबे आले. दादाची बोट आता खलाशी चालवतो, तरी एक डबा सदिच्छा म्हणून आमच्या घरी पोचता झाला. तो परत पाठवावा असं माझ्या मनात होतं. पण दादाने डावा हात पुढे केला, म्हणून मी तो त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, गुडघ्यांत धरला आणि डाव्या हाताने अँटेना पिळली. ती फिरली नाही. पुन्हा जोर लावला. बुडाशी जाडसर पारदर्शक गोंद ओतून ती कायमची बसवलेली होती. चार्जिंगच्या भोकावर रबराचं बूचही होतं.

"बाय," दादा म्हणाला, आणि त्या गोंदावर नख घासत राहिला. मग म्हणाला, "त्यांना... समजला."

समजलं होतंच. समजलं, त्यांनी गुपचूप दुरुस्त केलं, आणि हे सांगायला मात्र कुणी सभा बोलावली नाही. त्या सभागृहात निष्काळजी म्हणून अजूनही माझ्या भावाचंच नाव आहे.