न प्यालेली दारू सोडणारा

दारू सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली; पण कधीच न प्यालेली दारू सोडणारा माणूस पाहिला तो एकच, आणि तो माझा विद्यार्थी होता. त्याने ती नुसती सोडली नाही, समारंभाने सोडली. तुळजापूरला भवानीपुढे, जन्मदात्या आईच्या देखत शपथ घेतली, गळ्यात माळ घालून घेतली, आणि पुढे ते व्रत इतकं कडक पाळलं की खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघायचा आणि शंका आली तर दुकानदाराला परत करायचा. "आईला शबूद दिलाय सर," असं म्हणून माझ्याकडे बघून हसायचा. त्या हसण्याचा अर्थ गावात फक्त मला कळत होता.

तामलवाडीजवळच्या आमच्या गावात सगळे त्याला मामा म्हणत. लग्न झालं नाही, बहिणीच्या घरी राहिला आणि भाच्यांचा मामा हळूहळू गावाचा मामा झाला. त्याचा उजवा गुडघा धड वाकत नसे, त्यामुळे तो खाली बसत नसे. आमच्याकडे खाली न बसणारा माणूस एक तर साहेब असतो, नाही तर शिष्ट. मामा काखेत तिपाई घेऊन फिरायचा. शाळेने खो-खोचा जुना खांब टाकून दिला, तेव्हा त्याचे तुकडे मागून आणून त्याने ती बनवली होती. एका लग्नात सगळी पंगत मांडी घालून बसलेली आणि मध्येच हा तिपाईवर, ताट मांडीवर. नवरदेवाचा चुलता तापला. "आमच्या पंगतीत खाली बसायला लाज वाटती व्हय तुमाला?" मामा घास गिळून म्हणाला, "बसतो की पाहुणं. पर उठवायला चार माणसं लागतील, आन् ती चौघं म्या येगळ्या कामासाठी राखून ठिवल्यात." पंगत हसली, आणि चुलत्याने स्वतःच्या हाताने त्याला जिलबी वाढली.

त्याला नाद फक्त गुडघ्यांचा. बैलबाजारात लोक दात बघत, हा गुडघे बघे. तुळजापूरला बहीण दर्शनाला ओढून न्यायची, तर हा वरच थांबून पायऱ्या उतरणाऱ्यांचे पाय न्याहाळत बसायचा. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा परत आल्यावर सगळ्यांनी त्याचं मत विचारलं. म्हणाला, "पोरगी लई झ्याक हाय. पर बापाचा डावा गुडघा काय खरा न्हाय." संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्याचा मुक्काम ठरलेला. खो-खोच्या मुलींना सरावाआधी तो व्हरांड्याच्या पायऱ्या उतरायला लावायचा. "चढताना समदेच शूर असत्यात गं. उतरून दाखीव." पोरी खिदळत उतरायच्या. एखादी ओठ चावत उतरली की मामाचं हसू जायचं.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक चपळ मुलगी ओठ चावत उतरली. तालुक्याचे सामने जवळ आले होते. शाळेचा जुना क्रीडाशिक्षक म्हणून नारळ फोडायला मलाही बोलावलं होतं. नवे क्रीडाशिक्षक म्हणाले, "मामा, सुरुवातीलाच दुखतं तिला. अंग गरम झालं की थांबतं." मामाने तिपाई मैदानाच्या मधोमध ठेवली आणि वर बसला. "गरम होऊन थांबलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं असतंय मास्तर." शिक्षक चिडले. "दारूपायी स्वतःचा पाय घालवलेल्या माणसानं आम्हाला खेळ शिकवू नये!" मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी नारळ मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.

'अंग गरम झालं की थांबतं' हे वाक्य माझं होतं. त्याच मैदानावर मी ते मामाला ऐकवलं होतं, तो सोळा-सतरा वर्षांचा असताना. पाटीवर दबून बसलेला तो खो मिळताच असा सुटायचा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मग त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलं. सकाळी जिना उतरताना भिंत धरायचा. मी त्याला नखरेल म्हणालो. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी त्याला बाजारगावच्या एका सुईवाल्याकडे, इंजेक्शनं देणाऱ्या बिनपदवीच्या डॉक्टरकडे, नेऊन नेमक्या दुखऱ्या जागी सुई टोचवली. दुखणं गेलं. सामन्यात तो खो मिळून उठला आणि ओला दोर तुटावा तसा आवाज मी रेषेबाहेर उभा राहून ऐकला. वाटी वर मांडीकडे सरकली होती. पाय सरळ उचलता येत नव्हता.

दवाखान्यात नेलं असतं तर सुई कोणी दिली, कोणी द्यायला लावली, हे विचारलं असतं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी त्याला हाडवैद्याकडे नेलं. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि आठवड्यांमागून आठवडे गेले. शेवटी सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "वाटीला नडगीशी बांधणारी कंडरा तुटलीय. सुईनं दुखणं झाकलं गेलं आणि आधीच झिजलेली कंडरा आणखी दुबळी झाली. लगेच आणलं असतं तर नीट शिवता आली असती. आता टोकं आखडलीत." घरी बाप कुऱ्हाड घेऊन शाळेकडे निघाला, तेव्हा पोरगा खाटेवरून ओरडला, "सरांचं काय न्हाय! सामन्यात पाय नुस्ता लचकला हुता; त्याच राती दारू पिऊन गाडीवरनं पडलो म्या, तवा तुटलं." मी दारात उभा होतो. ऐकलं, आणि घरी आलो.

मैदानावरच्या त्या ओठ चावणाऱ्या मुलीला मात्र दुसऱ्याच दिवशी मामाने तिच्या आईसकट सोलापूरला नेलं. उड्या बंद, आणि भिंतीला पाठ लावून हळूहळू बसण्या-उठण्याचा कंटाळवाणा व्यायाम कित्येक महिने. आज ती खेळते. तिच्या प्रत्येक 'खो'ला मामा तिपाईवरून टाळी वाजवायचा.

या उन्हाळ्यात मामा गेला. राखून ठेवलेली चौघं कामाला आली. तेराव्याला ओसरीवर बसलो असताना त्याच्या बहिणीने हळूच विचारलं, "सर, खरंच पेत हुता का हो त्यो? मला कंदी वासच आला न्हाय." मी तिला सगळं सांगितलं. जे इथं लिहिलंय, तेच. ती माझ्याकडे न बघता पदराची गाठ सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, "आई मरताना बी त्याला म्हणली, पुन्ना पिऊ नगंस. त्यो म्हणला, न्हाय पेत."

आतून पंगत बसल्याची हाक आली. ती उठली, कोपऱ्यातली मामाची तिपाई आणून माझ्यापुढे ठेवली. "बसा सर. तुमचं बी गुडघं दुखत असतील."

मी पंगतीत खालीच बसलो. उठताना दोघांनी धरून उठवलं.