अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर

मोबाइलच्या काचेला कसला आलाय वास! पण परवा सुनेने माझ्या फोनमध्ये पुस्तकं वाचायचं ॲप घालून दिलं, "आई, जुनी पुस्तकं फुकट आहेत यात, सरकवत बसा," म्हणाली. आणि सरकवता सरकवता ओळीने मांडलेल्या चिमुकल्या मुखपृष्ठांत एका कादंबरीचं नाव दिसलं, तशी भिजवलेल्या तेंदूपानांचा ओलसर, कडवट वास थेट नाकात शिरला. पाठोपाठ जर्द्याची खवखव. मी चक्क ठसकले. त्या कादंबरीचं नाव सांगत नाही. तिच्या शेवटाला मी चाळीस वर्षं भीत आले आहे, आणि तो शेवट मी कधी वाचलेलाच नाही.

गोंदियाला आमच्या गल्लीत दुपारची कामं उरकली की बायका एका अंगणात बिड्या वळायला जमायच्या. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि जर्दा, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. मी अकरा वर्षांची, हाताने भारी आळशी, पण घडाघडा वाचणारी. म्हणून बायकांनी आपसांत ठरवून टाकलं होतं: मी वाचायचं, आणि माझ्या वाट्याच्या बिड्या सगळ्यांनी मिळून वळायच्या. असं राजेशाही सुख मला पुढे आयुष्यात कधी मिळालं नाही. ती कादंबरी किराणा दुकानाच्या रद्दीतून आलेली. दुकानदाराने मागच्या बाजूने पानं फाडून पुड्या बांधायला सुरुवातही केली होती, हे मला शेवटाजवळ पोचेपर्यंत कळलं नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलेली गोष्टीतली बाई पुन्हा त्याच्याच दारात येऊन उभी राहते, आणि "तिने दाराच्या कडीला हात घातला आणि" एवढ्यावर पान संपत होतं. पुढे नुसता शिवणीचा दोरा.

ऐकणाऱ्यांत शेजारची ताई होती. दरेकशाकडच्या सासरहून एका गाठोड्यानिशी परतलेली, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिच्याइतकी झरझर बिडी अख्ख्या गल्लीत कुणी वळत नसे. ती खाली मान घालून ऐकायची. तिचं मन तिकडे ओढ घेतंय की इथेच थांबायचं म्हणतंय, ते तिच्या आईलासुद्धा उमगत नव्हतं.

आणि मी काय केलं? पुस्तक संपलं म्हटलं तर उद्यापासून हातात कातर येईल, या भीतीने मी शेवटच्या पानावर डोळे रोवले आणि तीन दिवस मनातलं वाचलं. अगदी पुस्तकी आवाजात, वाक्यावाक्याला थांबत. माझ्या गोष्टीत तिने कडी काढली, नवऱ्याला पश्चात्ताप झाला, त्याने आपल्या हाताने तिला ताट वाढलं. "बरं झालं वं माय," म्हणत बायकांनी पदराने डोळे टिपले. मी फुशारले होते. आठ दिवसांनी ताईने गाठोडं बांधलं आणि दरेकशाला जाणारी पॅसेंजर धरली.

पाच-सहा वर्षांनी ती कायमची परत आली, तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली होती. "घसरून पडली," म्हणाली. कुणी जास्त विचारलं नाही. बिडी मात्र तिला पुन्हा वळता आली नाही. लग्नकार्यात आम्ही भेटत राहिलो, आणि मी प्रत्येक वेळी तिच्या हाताकडे न बघता बोलायला शिकले. काळ सगळं पुसतो म्हणतात. छे! तो वरवर झाडून घेतो फक्त, केर दाराआडच ठेवतो. ते पुस्तक आता जगात उरलं नसेल, एवढ्याच समजुतीवर माझी झोप टिकून होती.

आणि ते निघालं माझ्याच फोनमध्ये! कडीचं वाक्य सापडलं, तेव्हा खाली कोपऱ्यात आकडा होता, अठ्ठ्याऐंशी टक्के. अंगठा पुढे जाईना. मी ॲप बंद केलं. पण ते मेलं कुठलं गप्प बसतंय! दर दोन दिवसांनी निरोप, 'तुमचं पुस्तक वाट पाहतंय, थोडंच उरलंय.' भाजी निवडताना, देवळाच्या पायरीवर, कुठेही. कागदाचं पुस्तक पेटीच्या तळाशी दडपता येतं. हे माझ्याच पिशवीत बसून गावभर हिंडत होतं. पुढे मी रचलं तसंच असलं, तर मी सुटले. नसलं तर? एकटीने ते पान उलटायची माझी छाती होईना, म्हणून शेवटी मी रिक्षा करून बिरसीला गेले. ताई आता तिथे भावाकडे राहते.

ती ओसरीवर धान पाखडत बसली होती. वर तिथल्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. "काऊन वं, आज रस्ता चुकली का?" तिने हसून विचारलं. मी टेकलेसुद्धा नाही, भडाभडा सांगून टाकलं. ताई, तो शेवट पुस्तकातला नव्हता. पानंच नव्हती. मी मनाने रचला.

"मालूम आहे मले," ती म्हणाली. सूप थांबलंसुद्धा नाही. "तीन दिवस तू पान पलटवलंच नाई. आमी का आंधळ्या होतो?"

"मग गेलीस कशाला?"

आता मात्र तिने सूप खाली ठेवलं. "पुस्तकातलं असतं तं नसती गेली. पुस्तकात का, कोनी काही बी लिवते. पन तुह्यापाशी पान नव्हतं, तरी तू बोलूनच राहिली होती. मले वाटलं, देवच लेकराच्या तोंडून मले जा म्हनून राहिला."

मी तिच्याशेजारी ओसरीवर बसले. चाळीस वर्षं मी खोट्याला भ्यायले होते; ते तर तिने कधीच ओळखलं होतं. तरी ती गेली होती, आणि माझ्याच तोंडच्या शब्दावर गेली होती.

"आन आता त्याच्यात का आहे?" तिने फोनकडे मान उडवली. "वाच."

मी कडीच्या वाक्यावर आले. खरं सांगते, पुढचं गोड वाक्य जिभेवर तयारच होतं. सवय कुठे जाते! ताईला अक्षरओळख नाही, मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या अंगठ्यावर होती. "पलटव," ती म्हणाली, "मी पाहून राहिली." मी पान सरकवलं आणि जे होतं ते वाचलं.

"तिने दाराच्या कडीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. मग ती अंगण ओलांडून चालू लागली."

पुढची अक्षरं मला दिसेनात. ताईने ती दोन बोटं पदराखाली घेतली.

"थांबली काऊन?" ती म्हणाली. "वाच न. कुठं गेली ते."