जेठोच्या तसबिरीसाठी चेन्नईला

जानेवारीत चेन्नईहून सुंदररावांचा फोन आला. "बाई, रविवारी तोळरांची तसबीर उघडायची आहे. पडदा तुम्हीच सारायचा."

तोळर म्हणजे तमिळमध्ये कॉम्रेड. माझा नवरा जेठो पिंपरीत कामगारांचा वकील होता. एकदा नगरसेवक झाला, दोनदा पडला, आणि उरलेल्या वेळात सिंधीत गोष्टी लिहायचा. पिंपरीतल्या एका कारखान्याचा खटला जिंकल्यावर त्याच कंपनीच्या चेन्नईजवळच्या कामगारांनी त्याला बोलावलं. शेवटची काही वर्षं तो तिकडे जाऊन-येऊन होता.

समारंभ मला जमत नाहीत, पण गेले. जेठोने देहदान केलं होतं. तो गेल्यावर मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. अस्थी नाहीत, दहावा नाही. नास्तिक माणसाची इच्छा, ती आम्ही पाळली. त्याच्यासाठी मी लग्नानंतर घरात गणपतीही बसवला नव्हता. पण आता हात जोडायला काहीच उरलं नव्हतं. त्याच्या नावाने एकदा पाण्यात फूल सोडावं, एवढंच मनात होतं. त्याचा शब्द न मोडता ते कसं करायचं, हे कळत नव्हतं.

पुण्याहून गाडी सेंट्रलला जाते. आरक्षण आधीच करा, ऐनवेळी हाल होतात. रिक्षा मीटरने येत नाही, घासाघीस करावीच लागते. एग्मोर स्टेशनजवळ साडेचारशेत स्वच्छ खोली मिळते, पण सुंदररावांनी मला घरीच नेलं. ते तिथले वकील, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या आई कमळाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांची मराठी जुन्या पोथीतली वाटते, आणि हेल तमिळ.

"बैस. तुझा नवरा इथंच बैसायचा," त्या म्हणाल्या. "रसम तीनदां घ्यायचा. सांबारास हात लावीत नव्हता. मी म्हणें, वकील, सांबारानें तुझें काय केलें रे?"

रविवारी बसने इरुंगाट्टुकोट्टैला गेलो. बंगळूरच्या हमरस्त्याला दोन्ही बाजूंनी कारखाने. युनियनची खोली पत्र्याची, आत उभं राहायलाही जागा नव्हती. मी पडदा सारला. काळेभोर केस, गोरे गाल, कोरलेल्या मिशा. सत्तरीच्या जेठोला त्यांनी सिनेमाचा हिरो केला होता!

मागून कोणीतरी तमिळमध्ये काहीतरी म्हणालं आणि हशा पिकला. सुंदररावांनी सांगितलं, "तो म्हणतो, हे रूप कोर्टात दाखवलं असतं तर पहिल्याच तारखेला जिंकलो असतो." मीही हसले. कित्येक महिन्यांनी.

मग एक कामगार झेंडूचा हार घेऊन माझ्यासमोर थांबला. त्याने सुंदररावांकरवी विचारलं, "अम्मा, घालू का? तोळर रागावतील?" सगळे माझ्याकडे बघत होते.

"घाला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुंदररावांना म्हटलं, मरीना बघायचा आहे. फुलाचं बोलले नाही. निघताना कमळाबाईंनी स्टीलचा डबा पुढे केला. आत तांदूळ आणि साखर.

"हें घेऊन जा. तो नेत होता."

"कोण?"

"तुझा नवरा. दर खेपेस. कोर्टाच्या आदले दिवशीं समुद्रावर जाऊन सोडून यायचा. मी विचारिलें, सामी नाहीं, देव नाहीं म्हणतोस, मग हें कोणास? तर म्हणे, आईची ऑर्डर आहे, हिच्यावर अपील नाहीं."

मी तिथेच खुर्चीवर बसले. सासूबाई दर चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, पवना नदीत तांदूळ-साखर सोडायच्या. त्याला अखो म्हणतात. फाळणीत सिंधू नदी मागे राहिली, म्हणून मिळेल ते पाणी. त्या गेल्या तेव्हा ते संपलं, असं मी धरून चालले होते.

मरीनाची वाळू इतकी रुंद आहे की पाण्यापर्यंत चालून दम लागतो. सकाळी लवकर जा. लाटा फसव्या आहेत, घोट्याच्या पुढे जाऊ नका. मी तांदूळ-साखर सोडली. हात जोडले. सुंदरराव लांब उभे होते, भाजलेल्या शेंगा घेत. त्यांनी मुद्दामच पाठ केली होती.

परतल्यावर सगळे विचारतात, काय काय पाहिलं? फार काही नाही. देवळं राहिली, साड्यांची दुकानं राहिली.

आता महिन्यातून एकदा मी डबा घेऊन पवनेवर जाते. पाणी काही चांगलं नाही, पण वाहतं आहे. तिथे उभी राहून आधी भांडते. तू चोरून हे करत होतास, मग मला एक गणपती का नाही बसवू दिलास? वकील माणूस, उत्तर तयार असणारच. ते ऐकायला मी थोडा वेळ थांबते, आणि मग मूठ उघडते.