तिसरी हयात

वकीलसाहेबांच्या कचेरीत तिला सगळे भिंगताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण हातातलं भिंग ती जेवतानासुद्धा खाली ठेवत नसे. काम एकच. कुणी फ्लॅट घ्यायला किंवा विकायला निघालं की त्याचे कागद वाचायचे आणि घोडं कुठं पेंड खातंय ते सांगायचं. कागद ती मागून पुढं वाचायची. पहिल्या पानावर लोक नावं आणि गोडवे लिहितात, खोड शेवटच्या पानांत दडलेली असते, असं तिचं म्हणणं. सत्तावीस वर्षं हेच केल्यावर तिला माणसंही तशीच दिसू लागली होती, आधी खोड आणि मग चेहरा.

भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा फ्लॅट आला की बाईच्या अंगात यायचं. समोरचं जोडपं खिडक्या आणि उजेड सांगत असायचं आणि ही मध्येच विचारायची, "मुदत किती उरलीय?"

"अहो, पण घर आमचंच होणार ना?"

"भिंती तुमच्या. जमीन मालकाची. तुम्ही घर घेत नाही आहात, उरलेली वर्षं घेताय. मालकाची संमती आहे का, मुदत वाढवून मिळते का, कुठल्या चुकीला पट्टा रद्द होतो, ते आधी बघा. उजेड काय, सगळीकडे पडतो."

जोडपं हिरमुसलं होऊन जायचं. पण पुढं कधी रडत परत आलं नाही, हेही खरं.

ती स्वतः भावाकडे राहायची, मधल्या खोलीत. भाऊ-वहिनी वाईट नव्हते. नुसती ती त्यांच्या लक्षात राहायची नाही, एवढंच. मागल्या वर्षी तापानं ती तीन दिवस अंथरुणाला खिळली. चौथ्या दिवशी इस्त्रीचे कपडे ठेवायला वहिनीनं दार लोटलं आणि म्हणाली, "अगंबाई, वन्सं, तुम्ही घरीच? मला वाटलं कचेरीत जाताय रोज." भिंगताईला फार लागलं ते. त्याच दिवशी तिनं ठरवलं की आता स्वतःचं दार हवं, जे निदान आपण आतून लावल्यामुळं बंद असेल.

कचेरीत एक दलाल येई. कागद द्यायचा आणि तिच्या टेबलाशी रेंगाळायचा. घरी कोण असतं, आई कशानं गेली, किती वर्षांची होती. तिच्याशी गप्पा मारायला फारसं कुणी थांबत नसे, त्यामुळं तिनंही सांगून टाकलं. आई शहाण्णवाव्या वर्षी गेली, आजी एकशे दोनाव्या, आणि त्या एका तापाखेरीज आपण डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. दलालानं मान डोलावली आणि महिन्याभरानं एक फ्लॅट आणला. चौथा मजला, दोन खोल्या, पूर्वेची खिडकी. किंमत निम्मी.

ती बघायला गेली तेव्हा ऐन दुपार होती. जिन्यातल्या प्रत्येक पायरीच्या काठाला रबर लावलेलं होतं. दोन्ही बाजूंना कठडे. भिंतींच्या कोपऱ्यांवर जाड कापड गुंडाळून शिवलेलं. कुठल्याच दाराला उंबरठा नव्हता. तळमजल्यावर एक बाई दारावर टकटक करून विचारत होती. भिंगताईला ऐकू आलं, "हयात ना?"

आतून म्हातारा आवाज आला, "आहे."

बाईनं दाराला टांगलेल्या वहीत खूण केली आणि ती निघून गेली. भिंगताई स्वतःशीच हसली. 'आहात ना' म्हणाली असेल बिचारी. कागद वाचून वाचून आपले कानही कायद्याचे झाले.

वर चढताना एकेक दार किलकिलं होत गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तिला नमस्कार केला आणि तिच्या श्वासाकडे कान देऊन उभे राहिले. चार मजले चढूनही तिला धाप लागली नाही, तेव्हा मागं कुणीतरी हलकेच "छान, छान" म्हणालं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं विचारलं, "जेवण वेळेवर असतं ना?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

पण सवय जाते कुठं? तिनं इमारतीचा मूळ पट्टा मागितला, आणि कचेरीत बसून शेवटच्या पानापासून सुरुवात केली. मुदतीच्या कलमापाशी भिंग थांबलं. तिथं वर्षांचा आकडाच नव्हता. लिहिलं होतं, 'खाली नावे दिलेल्या तीन हयातींपैकी अखेरची हयात संपेपर्यंत.' खाली पट्टा झाला तेव्हाच्या तीन तान्ह्या बाळांची नावं होती. तान्ही अशासाठी, की त्यांच्यापुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं. पहिल्या दोन नावांवर लाल रेघ होती. तिसरं नाव तळमजल्यावरच्या दारावरचं. ते बाळ आता एक्क्याण्णव वर्षांचं होतं. ते गेलं की दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत, माणसांच्या भांड्याकुंड्यांखालच्या फरशीसकट, जमीनमालकाची.

भिंगताईच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे तशी ती जमीन तिच्या पायाखाली अजून आलीही नव्हती. पक्षकार असता तर तिनं त्याला हात धरून बाहेर काढलं असतं.

कागद परत करायला गेली तेव्हा ती आधी तळमजल्यावर थांबली. म्हातारा मऊ खुर्चीत बसला होता. खोलीत काचेची एकही वस्तू नव्हती.

"या, बसा," तो म्हणाला. "मला सगळे काका म्हणतात. मी रस्ता कधी ओलांडलेला नाही, माहीत आहे? शाळेचे मास्तर इथं यायचे. नोकरी करू दिली नाही. नदी इथून तीन गल्ल्यांवर आहे म्हणतात, पण पाण्यात माणसं बुडतात ना. आधी आई-बाप राखायचे, मग शेजारी. दर तासाला दार वाजतं."

"मग लग्न?"

"मुलगी आवडली होती एक. तिला खोकला होता." तो हसला आणि हसू अर्ध्यावर थांबलं. "कलम अकरा वाचलंत का हो, ताई?"

तिनं वाचलं होतं. मालकाच्या संमतीनं, फ्लॅटच्या विक्रीच्या वेळी, एकदाच, जुनी हयात काढून खरेदीदाराची हयात घालता येईल.

ती वर सेक्रेटरीकडे गेली. त्यांनी काही लपवलं नाही. कपाटातून, सगळ्यांनी मिळून पैसे भरून मिळवलेलं मालकाचं संमतिपत्र काढून तिच्यापुढं ठेवलं. त्यात तिचं पूर्ण नाव होतं. तारीख होती ती हा जिना पहिल्यांदा चढली त्याच्या वीस दिवस आधीची.

"दलालाला आम्ही सांगूनच ठेवलं होतं," सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले. "लांब आयुष्याचं घराणं हवं. निरोगी. एकटी असली तर बरं, उगाच बाहेर जाणं-येणं नको. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, ताई. पण काका थकलेत. सोळा कुटुंबं आहोत. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. रोज विचारपूस करू."

सह्यांच्या दिवशी वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "भिंगताई, पक्षकाराला घेऊ दिलं असतंत का हे?"

"नसतं."

"मग?"

"पक्षकाराला घरी विचारणारं कुणीतरी असतं, साहेब," ती म्हणाली, आणि प्रत्येक पानावर सही केली. या वेळी तिनं मागून नाही, पुढून सुरुवात केली. पहिल्या पानावर तिचं नाव होतं आणि ते तिला बघावंसं वाटत होतं.

ती राहायला आली त्याच दुपारी काका निघाले. हातात कापडी पिशवी. भिंगताई खिडकीत उभी होती. एक्क्याण्णव वर्षं ज्याला जपलं तो माणूस काठी टेकत फाटकातून बाहेर पडत होता, आणि अंगणात गप्पा मारणाऱ्या बायकांपैकी एकीनंही मान वळवली नाही. कुणी म्हणालं नाही, कुठं निघालात. फाटकाशी एक मोठा दगड होता, त्याला ते अडखळले, सावरले. कुणाचा हात पुढं झाला नाही. रस्त्याच्या कडेला ते बराच वेळ उभे राहिले, मग एकदाचे ओलांडून गेले. टकटक करणाऱ्या बाईनं काकांच्या दारावरची वही काढली आणि ती घेऊन जिना चढू लागली.

तेव्हा तिला कळलं. कलमात दोष नव्हता, वाचण्यातही नव्हता. विचारपूस तिची नव्हतीच.

दार वाजलं. "आहात ना?"

ती बोलली नाही. बघू तरी, असं वाटलं तिला.

"आहात ना?"

खालची भांडी थांबली. कुणाचा तरी रेडिओ बंद झाला. रबराच्या पायऱ्यांवर पावलं वाजत नाहीत, पण श्वास वाजतात. ते एकेक मजला चढून वर आले आणि तिच्या दाराबाहेर जमले, म्हातारे, बायका, सगळे. कुणी बोलत नव्हतं. मग कुलपात किल्ली फिरली. तिची किल्ली तर तिच्या मुठीत होती.

"आहे," भिंगताई म्हणाली.

किल्ली निघाली. बाहेर वहीत खूण झाल्याचा आवाज आला, आणि श्वास एकेक करत खाली उतरले.